वारा कुठून येतो, ते आधी पाहा

एप्रिलच्या मध्यावर सिंहली आणि तमिळ नववर्षाचा सण आटोपला, की श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लगबग सुरू होते. निगंबो, चिलाव, पुत्तलम या भागातले मच्छीमार आपल्या फायबरच्या होड्या, इंजिने, जाळी आणि भांडीकुंडी ट्रकवर चढवतात आणि अख्खे बेट ओलांडून पूर्वेला जातात. मुल्लैतीवू आणि त्रिंकोमालीच्या बाजूला वाळूवर त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहतात. पुढचे पाच-सहा महिने मासेमारी तिकडेच. ऑक्टोबरात पूर्वेचा समुद्र बदलू लागला, की सगळे बिऱ्हाड पुन्हा पश्चिमेला. हा प्रघात जुना आहे. त्यावरून तिथल्या स्थानिक मच्छीमारांशी तंटेही होतात, पण वाऱ्यापुढे इलाज नसतो. एका किनाऱ्यावर होडी पाण्यात लोटणे जिवावरचे होते, तेव्हा दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्र शांत असतो. दोन्ही किनाऱ्यांमधले सरळ अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर कुठेच जात नाही.

उष्ण कटिबंधातल्या बेटावर सुटी कधी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर या मच्छीमारांकडून शिकावे. पर्यटनाच्या पत्रकांत छापलेले उत्तर ठरलेले असते: डिसेंबर ते एप्रिल. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. शिवाय ते ज्यांच्यासाठी तयार झाले, ते लोक वेगळे आहेत. मालदीवमधले पहिले रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ मध्ये सुरू झाले ते इटलीहून येणाऱ्या पाहुण्यांच्या भरवशावर. तेव्हापासून हिंदी महासागरातल्या बेटांचा हंगाम युरोपच्या थंडीवर बेतलेला आहे. मिलान, म्युनिक, मॉस्कोत दिवस लहान आणि काळवंडलेले असतात तेव्हा तिथल्या माणसाला ऊन हवे असते, आणि त्या आठवड्यांत खोल्यांचे दर शिखर गाठतात. पुण्या-नाशिकच्या कुटुंबाला डिसेंबर-जानेवारीत घरबसल्या उत्तम हवा मिळते. त्याला लांबच्या प्रवासाची फुरसत मिळते ती मे महिन्याच्या सुटीत, नाहीतर दिवाळीत. या दोन्ही वेळा पत्रकातल्या हंगामाच्या बाहेर पडतात. म्हणून मराठी प्रवाशाने महिना पाठ करण्याऐवजी वाऱ्याची दिशा समजून घेणे जास्त फायद्याचे आहे.

ती समजायला अवघड नाही. उन्हाळ्यात भारतीय उपखंडाची जमीन तापते, तिच्यावरचा हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरची ओलसर हवा नैऋत्येकडून तिकडे ओढली जाते. हिवाळ्यात उलटे होते. जमीन थंड, समुद्र तुलनेने उबदार, आणि वारा ईशान्येकडून समुद्राकडे वाहतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे, असा हा वर्षाचा फेरा आहे. मधले महिने दिशाहीन असतात, आणि त्यांचा स्वभाव वेगळाच असतो. त्याकडे पुढे येऊ.

श्रीलंकेत या वाऱ्याच्या वाटेत डोंगर उभा आहे. मध्यभागातला पठारी उंचवटा पिदुरुतलागला शिखरापाशी २,५२४ मीटरपर्यंत चढतो. नैऋत्येचा वारा त्याच्या पश्चिम उतारावर आपटून वर जातो, थंड होतो आणि तिथेच रिकामा होतो. पलीकडे उतरतो तो कोरडा होऊन. महाबळेश्वर धुक्यात आणि पावसात बुडालेले असताना माण-खटावची माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की श्रीलंकेच्या कोरड्या बाजूलाही समुद्र आहे, आणि सहा महिन्यांनी वारा फिरला की ओल्या-कोरड्या बाजूंची अदलाबदल होते.

आकडे पाहिले की हे ठसते. पश्चिम किनाऱ्यावरच्या कोलंबोत मे महिन्यात सरासरी ३९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेच्या त्रिंकोमालीत जूनमध्ये पडतो जेमतेम २५-३० मिलिमीटर. डिसेंबरात त्रिंकोमालीला सव्वातीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झोडपतो, तर जानेवारीत कोलंबोला ६० मिलिमीटरही धड पडत नाही. दोन्ही शहरे एकाच देशात, एका दिवसाच्या रस्त्यावर.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोलंबोचा पाऊस मेमध्ये कडाडतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये १२० मिलिमीटरपर्यंत खाली येतो. मुंबईच्या जुलैची सरासरी आठशे मिलिमीटरच्या पुढे आहे. म्हणजे 'श्रीलंकेत तेव्हा पावसाळा असतो' हे वाक्य ऐकून मुंबईकराच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते तिथे प्रत्यक्षात नसते. सर येते, तासाभराने ऊन पडते. गॉलचा किल्ला, कोलंबोची संग्रहालये, कँडीचे दंतमंदिर यांना अशा सरींनी काही बिघडत नाही. ऑगस्टच्या सुमारास कँडीत एसला पेराहेराच्या मिरवणुका निघतात. सजवलेले हत्ती, मशाली, ढोलवादक असा तो सोहळा दहा रात्री चालतो, आणि तो पाहायचा तर पश्चिमेचा पावसाळा चालू असतानाच जावे लागते.

बिघडते ते समुद्राचे. बेटावरच्या सुटीत पावसापेक्षा वाऱ्याला जास्त मान द्यावा, तो यासाठी. जूनमध्ये हिक्कडुवा किंवा बेंटोटाच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन असेल, तरी लाटा उंच असतात, पाणी गढूळ असते, आणि वाळूत लाल बावटे रोवलेले असतात. लाटांखालचे ओढपाणी माणसाला आत खेचते. मिरिस्साहून निळे देवमासे दाखवायला जाणाऱ्या बोटी नोव्हेंबर ते एप्रिल या काळात निघतात. पुढे समुद्र त्यांना फारशी दाद देत नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला हे नवे नाही. नारळी पौर्णिमेआधी दर्यात उतरू नये, हा धडा तिथे लहान मुलालाही ठाऊक असतो. तोच माणूस सहलीला गेला, की पैसे भरलेत म्हणून पाण्यात उतरतो, हे मात्र काळजीचे आहे.

त्याच जूनमध्ये त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला समुद्र सपाट पडलेला असतो. किनाऱ्यापासून किलोमीटरभरावर कबुतर बेट आहे. त्याच्या भोवती उथळ पाण्यात प्रवाळांच्या कडेने काळ्या टोकाच्या परांचे लहान शार्क फिरताना दिसतात. माणसाला ते त्रास देत नाहीत, जवळ गेले की वळसा घेऊन निघून जातात. थोडे दक्षिणेला पासिकुडाच्या उपसागरात माणूस बराच आत चालत गेला तरी पाणी कमरेच्या वर चढत नाही, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ती जागा फार सोयीची. आणखी खाली अरुगम बे. तिथे मे ते सप्टेंबर लाटांवर स्वार होणाऱ्यांची गर्दी असते, कारण दक्षिणेकडून येणारी लाट तिथल्या भूशिराला वळसा घालून लांबलचक, एकसारखी फुटत जाते.

पूर्वेच्या या उन्हाळ्याला त्याची किंमत आहे. डोंगर उतरून आलेला कोरडा वारा दुपारी भट्टीसारखा भाजतो. तिथले लोक त्याला कच्चान म्हणतात. सकाळी सात ते दहा पाण्यात, मग चार वाजेपर्यंत सावलीत, असा दिवस आखला तरच निभाव लागतो. वैशाखातल्या विदर्भातून आलेल्याला तो फार जाणवणार नाही, पण थंडाव्याच्या शोधात निघालेल्याने तिकडे जाऊ नये.

त्या कोरड्या वाऱ्याचे दुसरे रूप डोंगरात पाहायला मिळते. उवा प्रांत डोंगराच्या पूर्व अंगाला आहे. जुलै ते सप्टेंबर तिथल्या मळ्यांवरून कोरडा, झोंबरा वारा वाहतो, चहाच्या झुडपांची वाढ मंदावते आणि पानात एक तीव्र, जवळजवळ पुदिन्याकडे झुकणारा सुगंध साठतो. उवाचा सर्वांत मोलाचा चहा याच आठवड्यांतला. हापुतलेजवळचा दांबतेन्न मळा, जो थॉमस लिप्टनने १८९० च्या सुमारास घेतला, तो याच पट्ट्यात आहे. पश्चिम अंगाच्या दिंबुला भागात मात्र उत्तम चहा तयार होतो जानेवारी ते मार्चमध्ये, ईशान्येच्या वाऱ्यात, कारण तेव्हा कोरडी बाजू ती असते. चहा चाखायला आणि मळे पाहायला जाणाऱ्याने महिन्याप्रमाणे डोंगराची बाजू बदलावी, आणि हे कुठल्याही पत्रकात लिहिलेले सापडत नाही.

श्रीपाद पर्वताचेही तसेच. २,२४३ मीटर उंचीच्या या शिखरावर बौद्ध, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळे चढतात. यात्रेचा काळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत. त्या काळात हजारो पायऱ्यांच्या वाटेवर रात्रभर दिवे जळत असतात आणि चहाची दुकाने उघडी असतात. नंतर दिवे बंद, दुकाने बंद, पाऊस आणि जळवा. जंगलाचा हंगाम याच्या उलट. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि आसपासच्या जंगलांतले हत्ती शेकड्यांनी तिथे जमतात. आशियाई हत्तींचा इतका मोठा मेळा क्वचितच कुठे दिसतो. अलीकडे मोरगहकंद धरणातून सोडलेल्या पाण्याने तलाव ऐन कोरड्या दिवसांतही भरलेला राहू लागला, की गवत बुडते आणि हत्ती पांगतात. ही चिंता तिथले अभ्यासक वारंवार बोलून दाखवत आले आहेत.

आता ते मधले, दिशाहीन महिने. मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा त्रास कमी: सकाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग दाटतात, गडगडाट होतो, तासभर पाऊस आणि मग मोकळे आकाश. आपल्याकडच्या वळवाच्या पावसाचाच तो भाऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र वेगळे. तेव्हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पाऊस पूर्व-पश्चिम भेद न ठेवता बेटभर पडतो. कोलंबोची नोव्हेंबरची सरासरी मेपेक्षाही जास्त, ४०० मिलिमीटरच्या पुढे आहे. डोंगरात दरडी कोसळून एल्लाकडे जाणारा सुंदर रेल्वेमार्ग अडतो. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआला धडकलेल्या चक्रीवादळात नऊशेहून अधिक माणसे गेली. दिवाळी नेमकी याच आठवड्यांत येते. श्रीलंकेत दिवाळीची सुटी घ्यायचीच असेल, तर समुद्राचा हट्ट सोडावा आणि अनुराधापूर, पोलोन्नरुव, सिगिरिया अशा जागांसाठी जावे, सकाळचे तास पकडावेत आणि हाताशी एक-दोन मोकळे दिवस ठेवावेत. किनाऱ्यासाठी ती वेळ चांगली नाही.

मालदीवमध्ये डोंगर नाही. हजाराहून अधिक बेटे, आणि त्यांतली बहुतेक समुद्रसपाटीपासून दीड-दोन मीटरही वर नाहीत. वारा अडवायला काही नसल्याने तिथे ओली बाजू आणि कोरडी बाजू असा हिशेब लागत नाही. तिथले लोक वर्षाचे दोनच भाग करतात: नैऋत्येचा हुलंगू आणि ईशान्येचा इरुवै. त्याहून बारीक हिशेब त्यांच्या पारंपरिक पंचांगात आहे, आणि तो मराठी शेतकऱ्याला चटकन ओळखीचा वाटेल. वर्षाचे सत्तावीस भाग, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा, आणि त्यांना नक्षत्रांचीच नावे. अस्सिदा म्हणजे अश्विनी, रोआनू म्हणजे रोहिणी, मियाहेली म्हणजे मृगशीर्ष, अदा म्हणजे आर्द्रा. ८ एप्रिलच्या सुमारास अस्सिदाने हुलंगू सुरू होतो आणि १८ नक्षत्रे चालतो. १० डिसेंबरच्या सुमारास मुला, म्हणजे मूळ नक्षत्र लागते आणि इरुवैची ९ नक्षत्रे सुरू होतात. आपल्याकडे मृग ७-८ जूनला निघतो, त्यांचा मियाहेली त्याच्या चार दिवस आधी. कोणत्या नक्षत्रात समुद्र खवळतो, कोणत्यात मासा कुठे सापडतो, होडी कधी बांधून ठेवावी, हे ज्ञान त्या पंचांगात पिढ्यांनी साठवले आहे. अरबी समुद्राच्या दोन टोकांना माणसे एकाच पद्धतीने पावसाचा माग ठेवत आली, ही फार मोठी आणि सुंदर गोष्ट आहे.

पर्यटकाच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग असा. मालेमध्ये सर्वांत कोरडा महिना फेब्रुवारी. सरासरी पाऊस ४० मिलिमीटरच्या आसपास. मार्चही चांगला. डिसेंबरची सरासरी मात्र २०० मिलिमीटरच्या वर आहे. म्हणजे नाताळ ते नववर्ष, जेव्हा खोलीचा दर वर्षातला सर्वांत चढा असतो, तेव्हा हवा सर्वांत चांगली असतेच असे नाही. पैसे मोजले जातात ते युरोपच्या सुट्ट्यांच्या गर्दीचे. ज्यांना शाळेचे वेळापत्रक सांभाळायचे नाही, त्यांनी फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च धरावा. बेटसमूह उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पसरला आहे, याचेही भान हवे. उत्तरेकडे कोरडे महिने ठळक आहेत. विषुववृत्ताच्या पलीकडे गेलेल्या अड्डूला पाऊस जास्त आणि वर्षभर विखुरलेला.

पण मालदीवची सर्वांत मोठी मेजवानी पावसाळ्यातच वाढली जाते. बा प्रवाळद्वीपाच्या पूर्व कडेला हनिफारू नावाचे एक लहानसे आखात आहे. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर समुद्राचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि त्याच्याबरोबर वाहत आलेले सूक्ष्म प्लवक भरतीच्या जोराने या आखातात कोंडले जाते. ते खायला मांटा रे येतात. तीन मीटर रुंद पंखांचे हे मासे तोंड उघडे ठेवून रांगेने फिरतात, एकामागोमाग गोल धरतात, तळाशी कोलांट्या घेतात. कधी कधी एकाच वेळी शंभराहून अधिक जमतात, आणि त्यांच्यात एखादा व्हेल शार्कही शिरतो. हंगाम मे ते नोव्हेंबर, त्यातही जुलै ते ऑक्टोबर भरात, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला गर्दी अधिक. २००९ मध्ये हनिफारूला संरक्षण मिळाले, २०११ मध्ये बा प्रवाळद्वीपाला युनेस्कोने जीवावरणाचा दर्जा दिला. तिथे स्कुबाच्या टाक्या लावून उतरायला मनाई आहे, फक्त स्नॉर्केल, तेही वाटाड्याबरोबर आणि ठरलेल्या वेळेपुरते. हे नियम कडक आहेत आणि ते तसेच राहायला हवेत. ज्या प्लवकासाठी मांटा येतात, त्यानेच पाणी धूसर होते. काचेसारखे पाणी हवे की मांटा हवेत, हे आधी ठरवावे लागते. दोन्ही एकाच आठवड्यात क्वचितच मिळतात. वारा ईशान्येचा झाला की प्रवाह उलटतो आणि मांटा प्रवाळद्वीपांच्या पश्चिम कडेला दिसू लागतात.

प्रवाळ पाहायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. एप्रिल-मेमध्ये, वारा पडलेला असताना, इथला समुद्र वर्षातला सर्वांत उष्ण असतो. एल निन्योच्या वर्षी ती उष्णता प्रवाळाला सोसवत नाही, त्याच्यातले रंगीत शैवाल निघून जाते आणि तो पांढरा पडतो. १९९८ आणि २०१६ मध्ये मालदीवचे फार मोठे नुकसान झाले ते याच महिन्यांत. अशा वर्षी पाण्याखाली उतरणाऱ्याने प्रवाळाला पाय लावू नये, हात लावू नये. तो आधीच आजारी असतो.

अंदमानचा हिशेब सोपा आहे. नैऋत्य मोसमी वारे केरळात १ जूनच्या आसपास पोचतात, पण अंदमानात ते मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच दाखल होतात. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीचा पहिला पंधरवडा साधला तर ठीक, नंतर बोटी रद्द होऊ लागतात. सेल्युलर जेल पावसातही पाहता येते, आणि सावरकरांची कोठडी पाहायला जाणारा मराठी माणूस पावसाने अडत नाही. पण स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाणारी बोट अडते. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतही बेसावध राहू नये. डिसेंबर २०१६ मध्ये कमी दाबाच्या पट्ट्यामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि नौदलाला जहाजे पाठवून त्यांना आणावे लागले. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथला खरा शांत काळ. लक्षद्वीपला मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाऊ नये, एवढे सांगितले की पुरे.

मग मे आणि दिवाळीचे काय? उत्तर विषुववृत्ताच्या खाली आहे. तिथे ऋतू उलटे असतात. बालीत कोरडे महिने एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे मराठी शाळकरी कुटुंबाच्या मे महिन्याच्या सुटीत बाली उत्तम असते आणि लवकर आलेल्या दिवाळीतही बरी असते. मार्चच्या सुमारास मात्र तारखा तपासून जावे, कारण न्येपी या मौनाच्या दिवशी तिथला विमानतळही चोवीस तास बंद असतो.

मॉरिशस तर या दोन्ही सुट्ट्यांना नेमका जुळतो. नोव्हेंबर ते एप्रिल तिथला उन्हाळा, आणि चक्रीवादळांचा काळही तोच. १९६० च्या कॅरोल वादळाने हजारो घरे उद्ध्वस्त केली, आणि त्यानंतर बेटावर काँक्रीटची घरे बांधली जाऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. तिथे वादळाचे इशारे टप्प्याटप्प्याने चढत्या क्रमाने दिले जातात. पाहुण्यांनी ते हॉटेलच्या माणसांइतकेच गांभीर्याने घ्यावेत. मे उजाडेपर्यंत हा धोका सरलेला असतो, पाणी अजून उबदार असते आणि उकाडा उतरलेला असतो. ऑक्टोबर हा तर वर्षातला सर्वांत कोरडा महिना. मधल्या जुलै-ऑगस्टात आग्नेयेचा व्यापारी वारा जोर धरतो. तेव्हा पूर्वेच्या बेल मारला वाळू अंगावर उडते आणि पश्चिमेच्या फ्लिक आँ फ्लाकला पाणी संथ असते, कारण मधला डोंगराळ भाग वारा अडवतो. पुन्हा तीच गोष्ट: बेट एक, बाजू दोन.

या बेटावर १८३० च्या दशकापासून ऊसमळ्यांत राबायला आलेल्या मजुरांमध्ये कोकणातली माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी जपलेली गणेश चतुर्थी आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या त्या दिवसांत तिथे सौम्य थंडी असते, पाऊस कमी असतो, आणि विसर्जनाच्या मिरवणुका वाजतगाजत पाण्याकडे निघतात. ज्यांच्या घरी गणपती बसत नाही किंवा दीड दिवसाचाच असतो, त्यांनी एखाद्या वर्षी याच दिवसांत तिकडे जाऊन यावे.

हे सगळे सरासरीचे गणित आहे. एल निन्यो किंवा हिंदी महासागरातल्या द्विध्रुवाची (म्हणजे त्याच्या पूर्व-पश्चिम भागांतल्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाची) स्थिती बदलली, की श्रीलंका-मालदीवचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस एखाद्या वर्षी भलताच वाढतो. म्हणून पैसे भरण्याआधी एजंटाला तीन गोष्टी विचाराव्यात. हॉटेल बेटाच्या कोणत्या बाजूला आहे, त्या महिन्यात वारा कुठून असतो, आणि बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात की नाही. परतीचे विमान ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या रात्री मुख्य बेटावर मुक्काम असावा. अंदमानसाठी आणि मालदीवच्या दूरच्या बेटांसाठी तर हा नियम मोडूच नये. आणि किनाऱ्यावर लाल बावटा दिसला तर, कितीही दुरून आला असाल, पाण्यात पाऊल टाकू नका.